निकाल ठाऊक नसलेला अनुबोधपट

ग्रीनहॅम कॉमनची हकिकत बहुधा दोन वाक्यांत आटोपली जाते. इंग्लंडच्या बर्कशर परगण्यातील लष्करी तळाबाहेर अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रांविरुद्ध स्त्रियांनी १९८१ पासून छावणी टाकली. १९८७ साली रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार केला आणि १९९१ मध्ये शेवटची क्षेपणास्त्रे तिथून हलली. या दोन वाक्यांमधला कार्यकारणाचा धागा ज्याने त्याने आपापल्या मगदुराप्रमाणे ओवून घ्यावा. कुणी म्हणतो, बायका जिंकल्या; कुणी म्हणतो, महासत्तांच्या हिशेबात या बायकांना कोण विचारतो? आमच्या मते दोन्ही पक्षांचे गृहीतक एकच आहे, आणि तेच तपासून पाहायला हवे: आंदोलनाचे मोल त्याच्या निकालावरून ठरते, हे ते गृहीतक.

या संदर्भात ‘कॅरी ग्रीनहॅम होम’ (१९८३) हा अनुबोधपट आम्हांला फार मोलाचा वाटतो. बीबन किड्रॉन आणि अमँडा रिचर्डसन या चित्रपटशिक्षण घेणाऱ्या दोन विद्यार्थिनी कित्येक महिने छावणीत राहिल्या आणि व्हिडिओ कॅमेऱ्याने चित्रण करीत गेल्या. ९६ क्षेपणास्त्रे यायची होती, पण त्यांचा पहिला जथा तळावर उतरला तो नोव्हेंबर १९८३ मध्ये. म्हणजे चित्रण चालू असताना पुढे काय होणार हे त्या बायकांना ठाऊक नव्हते, आणि कॅमेऱ्यालाही नव्हते. हे अज्ञान हाच या चित्रपटाचा प्रामाणिकपणा होय.

छावणीची सुरुवात साधी होती. कार्डिफहून निघालेला, मुख्यतः स्त्रियांचा एक लहानसा जथा सुमारे १९० किलोमीटर चालून ५ सप्टेंबर १९८१ रोजी तळावर पोचला. या प्रश्नावर जाहीर चर्चा व्हावी, एवढीच त्यांची मागणी होती. तिची दखल कुणी घेतली नाही, म्हणून त्या तिथेच राहिल्या. १२ डिसेंबर १९८२ रोजी सुमारे ३०,००० स्त्रियांनी हातात हात गुंफून सबंध तळाला वेढा घातला. तारेच्या कुंपणावर मुलांची छायाचित्रे, बाळांचे कपडे, लोकरीचे धागे अडकवले. १९८३ च्या पहिल्या दिवशी ४४ जणी कुंपण ओलांडून आत शिरल्या आणि क्षेपणास्त्रांसाठी बांधल्या जात असलेल्या कोठारावर चढून नाचल्या.

हे प्रसंग वृत्तपत्रांनीही टिपले. चित्रपटाने टिपले ते त्यांच्या मधले दिवस: शेकोटीभोवतीचे लांबत जाणारे खल, आपसातले मतभेद, पोलिसांनी उचलून बाजूला टाकणे आणि पुन्हा येऊन बसणे. एका प्रसंगी बायका तळाच्या फाटकाला कुलूप ठोकतात. ते काही केल्या तुटत नाही आणि अखेर आतल्या मंडळींना आपलेच फाटक पाडावे लागते. आपल्याला हसू येते आणि हसता हसताच लक्षात येते, की इतक्या बलाढ्य व्यवस्थेला एका कुलपाने अडवता येते.

ग्रीनहॅमवर एक आक्षेप स्त्रीवाद्यांनीच घेतला होता. शांतता हे आईचे काम ठरवले, की बाई पुन्हा आईपणातच अडकते, असे त्यांचे म्हणणे. आक्षेप रास्त आहे. कुंपणावरची बाळांची झबली पाहताना तो आमच्याही मनात येतो. पण पडद्यावर दिसणाऱ्या बायका निर्णय घेतात, भांडतात, कायदा मोडतात, तुरुंगात जातात आणि परत येतात. ‘आई’ या एका शब्दात त्या मावत नाहीत. २०२१ साली ब्रायर मार्च यांनी याच छावणीवर केलेल्या चित्रपटाचे नाव मात्र ‘मदर्स ऑफ द रेव्होल्यूशन’ असे आहे. वृद्ध झालेल्या त्या स्त्रियांची साक्ष त्याने नोंदवली, हे त्याचे ऋण मान्यच. तरी त्याला शेवट ठाऊक आहे, आणि शेवट ठाऊक असलेली गोष्ट नकळत विजयगाथेच्या वळणावर जाते.

त्या विजयाचे पुढे काय झाले? ऑगस्ट २०१९ मध्ये १९८७ चा करार संपुष्टात आला. ग्रीनहॅमचे मोल त्या करारावर तोलायचे, तर २०१९ साली त्या बायका हरल्या असे म्हणावे लागेल. हे आम्हांला मान्य नाही. आनंद पटवर्धन यांचा ‘जंग और अमन’ आठवावा. पोखरणच्या १९९८ च्या चाचण्यांनंतरच्या उन्मादाची ती नोंद. तिला सेन्सॉरने अनेक कट सुचवले आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाने मार्ग मोकळा केला. त्या चित्रपटाने एकही अण्वस्त्र कमी झाले नाही. म्हणून तो व्यर्थ गेला असे कोण म्हणेल?

छावणी २००० साली उठली. ते माळरान आता गुरांना आणि फिरायला येणाऱ्यांना खुले आहे. बायकांनी काय मिळवले याचा वाद इतिहासकार घालत राहोत. त्या काय करीत होत्या, हे पाहायचे असेल तर १९८३ चा चित्रपट आधी पाहावा आणि २०२१ चा नंतर, एवढेच आमचे सांगणे.