सत्तरचा पाढा

आमच्या पिढीला तीसपर्यंत पाढे आले की मास्तर आमच्यावरचा हात काढून घेत. वडिलांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी आणि वर औटकीसुद्धा यायची. औटकीचा उपयोग आयुष्यात कुठे झाला, हे वडिलांनी शेवटपर्यंत सांगितले नाही. पण येत होती खरी. सत्तरचा पाढा मात्र कुणालाच येत नव्हता. तो आमच्या सिडकोतल्या गल्लीने अलीकडे, ऐन उतारवयात, कुणी छडी न मारता पाठ केला आहे. सत्तर एके सत्तर. सिंगापूरचा एक डॉलर म्हणजे आपले सत्तर रुपये, दोन-चार इकडेतिकडे.

प्रस्तुत लेखक बँकेत कारकून आहे. (हल्ली या हुद्द्याला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. खुर्ची तीच आहे.) बी.कॉम., सेकंड क्लास. कुणी कुणाशी कसे वागावे यात मी पडत नाही, पण आकड्यांशी गैरवर्तन झालेले मला पाहवत नाही. म्हणून ही तक्रार. परदेशी नोकरीला गेलेल्या पोराच्या पगाराला डॉलरच्या भावाने गुणणे हा दखलपात्र गुन्हा ठरवावा, आणि तो करणारा सापडला तर त्याला जामीन देऊ नये, मग तो पोराचा बाप का असेना.

आता प्रकरण सांगतो. माझा धाकटा भाऊ, वय तेहतीस, गेल्या वर्षी पुण्याच्या नोकरीतून सिंगापूरच्या नोकरीत गेला. बरोबर बायको आणि सहा वर्षांची मुलगी. पगार महिना 8,500 डॉलर. हा आकडा त्याने घरात सांगितला तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. साडेसातला तो आकडा एन-7 च्या बागेत पोचला आणि तिथे त्याचे पाच लाख पंच्याण्णव हजार झाले. बागेतून देवळापर्यंत जाताना कुणीतरी पदरचे पाच हजार घालून सहा लाख पुरे केले. आरतीच्या वेळी वर्षाचे बहात्तर झाले होते. रात्री शेजारचे निवृत्त उपअभियंता पेढे मागायला आले.

"बहात्तर लाख!" ते म्हणाले. "अन् तुम्ही इथं पाच-पाचशेच्या नोटा मोजायलेत."

"खर्चही असेल की हो तिकडे," मी म्हटले.

"खर्च काय? दोन माणसं अन् एक लेकरू!"

सगळा घोटाळा इथे आहे. जमेची बाजू सिंगापूरच्या भावाने आणि नावेची बाजू आपल्या मोंढ्याच्या भावाने! आमच्या शाखेत एखाद्याने अशी वही लिहिली तर ऑडिटर त्याला जेवायलाही सोडणार नाही. पण घराघरांत, लग्नाच्या बैठकीत, सत्यनारायणाच्या पंगतीत ही वही उघड वाचून दाखवली जाते आणि सगळे माना डोलावतात.

मी भावाकडून फोनवर एकेक रक्कम काढून घेतली आणि रीतसर खतावणी केली. घरभाडे 3,200. हे बंगल्याचे भाडे नव्हे, तिथल्या सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या इमारतीतल्या फ्लॅटचे. हे मंडळ 1960 साली स्थापन झाले आणि तिथली बहुसंख्य जनता त्याच्याच घरांत राहते. म्हणजे त्यांचे सिडकोच. एका सिडकोतून उठून तो दुसऱ्या सिडकोत गेला. मुलीची शाळा 1,500, कारण सरकारी शाळेत आधी तिथले नागरिक, मग कायमचे रहिवासी, आणि जागा उरली तर आपले लेकरू. किराणा आणि खाणेपिणे 1,200. वीज, पाणी, फोन 400. बस आणि रेल्वे 250. विम्याचे 300. आयकर वर्षातून एकदा भरायचा असतो, त्याची महिन्याची पोटगी 450. (आयकर आपल्यापेक्षा पुष्कळच कमी आहे, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. कारकून म्हणून खाडाखोड करणार नाही.) बेरीज 7,300. शिल्लक 1,200.

आता एवढा गुणायचा सोस असेल तर ही शेवटची ओळ गुणा! चौऱ्याऐंशी हजार. त्यातून वर्षाला तिघांचे एकदा गावी येणे वजा करा. पुण्यात नवराबायको दोघे कमवून महिन्याला लाखभर मागे टाकत होते. तिथे भावजय घरी आहे, कारण नवऱ्याच्या पासवर गेलेल्या बायकोला 2021 पासून नोकरीसाठी स्वतःचा वेगळा परवाना काढावा लागतो. हिशेब समजणाऱ्या माणसाने हा ताळेबंद वाचून पेढे मागितले असते का?

ही वही मी उपअभियंत्यांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "मग गाडी कधी घेतोय?"

गाडीचेही सांगून टाकतो. सिंगापुरात गाडी घेण्याआधी गाडी बाळगण्याचा परवाना लिलावात घ्यावा लागतो. 1990 पासूनची ही पद्धत. परवाना दहा वर्षांचा, मग पुन्हा पैसे मोजा नाहीतर गाडी मोडीत काढा. ऑक्टोबर 2023 मध्ये मोठ्या गाडीचा नुसता परवाना 1,50,001 डॉलरला गेला. त्या वेळच्या भावाने नव्वद लाखांच्या वर. यात गाडीचे चाकसुद्धा आले नाही. पण मला त्या वरच्या एका डॉलरने जिंकले. आपण आहेरात शंभराला एक लावतो तसा दीड लाखाला एक लावला! एवढ्या महाग शहरातही शकुनाची चाड आहे, हे वाचून बरे वाटले.

इथे काही वाचक म्हणतील, हा गृहस्थ जळतोय. माझे जाणाऱ्यांशी काडीचे भांडण नाही. नोकरीसाठी गाव सोडणे आमच्या जिल्ह्याला मुळीच नवे नाही. महंमद तुघलकाने 1327 साली राजधानी दिल्लीहून इथे आमच्या पलीकडच्या दौलताबादला हलवली. एवढी घाऊक बदली नंतर आमच्या बँकेच्या मुख्य कार्यालयालाही जमली नाही. आणि ज्याने 1610 च्या सुमारास हे आमचे शहर खडकी या नावाने वसवले, नहरीने पाणी खेळवले, तो मलिक अंबर तर इथिओपियाचा. त्याला विकून आणले होते. बिचाऱ्याच्या पगाराला गुणायला पगारच नव्हता. तेव्हा परगावच्या माणसाचे पाणी प्यालेल्या शहराने परगावी जाणाऱ्याला नावे ठेवू नयेत. शिवाय तिथे पाणी रोज येते. मलेशियाच्या जोहोरातून विकत घेतात. 1962 चा करार आहे, 2061 पर्यंतचा. आमच्याकडे जायकवाडी घरचे, पैठण हाकेच्या अंतरावर, आणि नळ कधी येणार हे दिवस मोजून ठरवण्यात आमची वर्षे गेली. रस्ते स्वच्छ, रांगा सरळ, रात्री अकराला बाई एकटी घरी येते. एकटा पोरगा दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहिला तर शिल्लकही चांगली पडते. अशांच्या ठेवींच्या पावत्या मी स्वतः केल्या आहेत. जाणाऱ्याने खुशाल जावे. माझे भांडण मागे बसून पाढा म्हणणाऱ्यांशी आहे.

कारण हा पाढा म्हणणाऱ्यांना वही वाचताच येत नाही, आणि वहीत आईचे पान आहे.

आईला तिकडे न्यायचे ठरले तेव्हा कागदपत्रे माझ्याकडे आली. आईचा जन्म औरंगाबादचा, पत्ता छत्रपती संभाजीनगरचा, आणि शहराचे नाव बदलले त्या सगळ्या काळात तिने घराचा उंबरठा बदललेला नाही, हे एजंटाच्या पोरीला समजावण्यात एक दुपार गेली. ते झाल्यावर मुख्य अट निघाली. सिंगापुरात नोकरी करणाऱ्याला बायकापोरांना बरोबर ठेवायचे तर पगार निदान 6,000 हवा. आईबापांना दीर्घ मुदतीसाठी ठेवायचे तर निदान 12,000. नाहीतर त्यांनी पाहुण्यासारखे यावे, महिनाभर राहावे आणि परत जावे.

मला त्या सरकारचा राग आला नाही. उलट कारकून म्हणून कौतुकच वाटले. आपल्याकडे आईबापांची किंमत कीर्तनात सांगतात. त्यांनी नियमात आकडा घालून लेखी दिली आहे. आईला मी ते वाचून दाखवले. ती गहू निवडत होती. तिने विचारले, "त्याला किती आहे?"

"साडेआठ."

"म्हणजे माझ्यासाठी साडेतीन कमी पडतात," ती म्हणाली आणि पुन्हा गव्हात खडे पाहू लागली.

हा हिशेब तिने डॉलरमध्ये केला. गुणला नाही.

महंमद तुघलकाला लोक वेडा म्हणतात. इब्न बतूताने ऐकीव गोष्ट लिहून ठेवली आहे की दिल्लीत मागे राहिलेल्या एका आंधळ्याला त्याने दौलताबादपर्यंत फरफटत नेण्याचा हुकूम दिला. क्रूरपणाच. पण म्हाताऱ्यांसाठी वेगळी पगाराची अट काही त्याने काढली नव्हती.

बँकेत आमच्याकडे बाहेर गेलेल्या माणसाची दोनच रूपे असतात. देश सोडला की त्याचे साधे बचत खाते चालत नाही, त्याचे 'अनिवासी सामान्य' करायचे. आणि तिकडून पाठवलेल्या पैशासाठी 'अनिवासी बाह्य' उघडायचे, ज्याच्या व्याजावर इथे कर नाही. या बाह्य खात्याची पासबुके घेऊन कितीतरी आईवडील माझ्या काउंटरवर येतात. एण्ट्री छापून झाली की शिल्लक पाहतात आणि मागच्या माणसाला दिसेल अशी धरतात. मग हळूच मला विचारतात, "या महिन्यात कमी का हो आले?" मला काय ठाऊक? पोराला विचारा. "नको, त्याला वाटेल आम्ही हिशेब ठेवतो."

आणि तिकडे पोरगा काय करत असतो? आता माझ्या तक्रारीचा खरा मुद्दा.

मागच्या पावसाळ्यात भावाचा रात्री फोन आला. आमच्याकडे साडेदहा, म्हणजे त्याच्याकडे एक. त्याच्या कंपनीत माणसे कमी करणे चालू होते. नोकरी गेली की काम करण्याचा पास रद्द होतो आणि साधारण तीस दिवस हातात राहतात. त्यात दुसरी नोकरी शोधा, नाहीतर घर आवरा, मुलीला शाळेतून काढा आणि निघा. दुसरी मिळेलच असे नाही, कारण पासासाठी किमान पगाराची अट वयाबरोबर वाढत जाते: जानेवारी 2025 मध्ये ती तेविशीच्या मुलाला 5,600 होती आणि पंचेचाळिशीच्या माणसाला 10,700. म्हणजे दरवर्षी वाढदिवसाला केक कापायचा आणि नियम पुन्हा वाचायचा. हे सगळे तो चार महिने एकटा बाळगून होता.

"अरे, मग सांगितलं का नाहीस?" मी विचारले.

"कसं सांगू दादा? तिकडं सगळे मला सहा लाखांचा समजतेत."

सहा लाखांच्या माणसाला दमायची सोय नसते. त्याला महिना कमी पैसे पाठवता येत नाहीत, मावसभावाच्या प्लॉटसाठी हात आखडता घेता येत नाही, आणि 'मला परत यायचंय' हे तर उच्चारताच येत नाही. परत आला तर गल्ली विचारणार, सहा लाख सोडून आला? काय भानगड केली? साडेआठ हजार पगार आणि बाराशे शिल्लक असलेला माणूस परत येऊ शकतो. तो आमचा मुलगा आहे. सहा लाखांचा जो आहे तो गल्लीने बागेपासून देवळापर्यंत चालताना तयार केला, आणि माझा भाऊ तिकडे रात्री एक वाजता जागा राहून त्याची नोकरी करतो. गुणाकाराने पगार वाढलेला मी आजवर एकाही खात्यात पाहिला नाही. खोटे बोलणे मात्र वाढते, तेही तिकडे पोराचे आणि इकडे आईचे. "कसा आहे लेक?" असे कुणी विचारले की आई म्हणते, "मजेत." साडेतीन कमी पडतात, हे ती कुणाला सांगत नाही.

भावाची नोकरी त्या फेरीत वाचली. पुढच्या फेरीचे कंपनीला माहीत.

मी मात्र त्या रात्रीपासून व्रत घेतले आहे. कुणीही विचारो, आकडा जसा आहे तसा सांगायचा. गुणायचा नाही, भाव सांगायचा नाही, देशाच्या चलनाचे नावही काढायचे नाही. पहिला प्रयोग गुलमंडीवर झाला. वडिलांच्या ओळखीचे एक गृहस्थ इमरती बांधून घेत उभे होते. धाकट्याची चौकशी केली.

"सिंगापूरला? अरे वा! किती भेटतेत?"

"साडेआठ हजार."

त्यांचा हात इमरतीच्या पुड्यावर तसाच राहिला. "साडेआठ? घर धरून?"

"घर त्याचं त्यालाच बघावं लागतं."

"अरे अरे," ते म्हणाले. आठ दिवसांत बातमी एन-7 च्या बागेत, तिथून देवळात आणि देवळातून आमच्या घरी आली. त्या आठवड्यात प्लॉटसाठी कुणाचा फोन आला नाही. पेढे कुणी मागितले नाहीत. आईला मात्र दोन बायका येऊन विचारून गेल्या, पोरगा जेवतो का नीट, आणि आईने पहिल्यांदाच त्यांना काय ते सविस्तर सांगितले. चहा दोनदा झाला.

भावाला हे कळवले तेव्हा तो इतका हसला की त्याची मुलगी झोपेतून उठली. "दादा, हाच आकडा राहू दे," म्हणाला.

काल संध्याकाळी उपअभियंता आले होते. नेहमीसारखे मोठ्याने बोलले नाहीत. दार लोटून घेतले, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाले, "लाजायचं काही कारण नाही. वाळूजला माझा भाचा सुपरवायझर आहे. पंधरा तरी देतील. वर कंपनीची बस अन् दुपारचं जेवण."

भावाला विचारून सांगतो म्हटले आहे.