पक्ष्याचा श्वास आणि पशुवैद्याची भूल

झाशीपासून जवळच, बेतवा नदीच्या तीरावर, ओरछ्याच्या बुंदेला राजांच्या समाधि-छत्र्या उभ्या आहेत. त्यांच्या उंच कोनाड्यांत लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. एके काळी विपुल असलेला हा पक्षी आज अतिसंकटग्रस्त गणला जातो. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसावाटे गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. २००६ साली भारताने गुरांसाठी त्याचा वापर बंद केला. जे गाईस मानवले ते गिधाडास विष ठरले. पक्षी हे निराळ्याच घडणीचे शरीर आहे, हा या घटनेचा धडा शस्त्रक्रियेच्या मेजावरही तितकाच खरा आहे.

जखमी पक्ष्याचा मोडलेला पंख जोडावयाचा तर त्यास भूल द्यावी लागते. पण पक्ष्याला आपल्यासारखे मध्यपटल नसते. त्याची फुप्फुसे फुगत नाहीत. ती बरगड्यांना जखडलेली असतात. हवा खेळविण्याचे काम वायुकोश करतात. बहुतेक पक्ष्यांत ते नऊ असतात. पहिल्या श्वासाची हवा प्रथम मागील वायुकोशांत जाते, उच्छ्वासाबरोबर फुप्फुसांत शिरते, दुसऱ्या श्वासाच्या वेळी पुढील वायुकोशांत येते आणि दुसऱ्या उच्छ्वासाने बाहेर पडते. फुप्फुसांतून हवा अशी एकाच दिशेने वाहते. या रचनेचे सामर्थ्य मोठे आहे. १९७३ साली पश्चिम आफ्रिकेवर सुमारे ११,३०० मीटर उंचीवर एक गिधाड विमानावर आदळले होते.

परंतु हेच सामर्थ्य भूल देताना संकट ठरू शकते. आयसोफ्लुरेनसारखा भुलीचा वायू पक्ष्याच्या रक्तात झपाट्याने भिनतो. भूल जशी लवकर चढते तशी ती लवकर अतिगाढही होते. श्वास थांबला की फुप्फुसांत राखीव हवा अल्पच उरते. उरोस्थी वरखाली झाल्याखेरीज हवा खेळत नाही; म्हणून छाती घट्ट आवळणे म्हणजे पक्ष्याचा गळा दाबणेच होय. पक्ष्याच्या श्वासनलिकेची कडी अखंड असतात. आत फुगा फुगवून नळी घट्ट बसविल्यास नलिकेस इजा होते. शिवाय देह लवकर थंड पडतो, त्यास ऊब द्यावी लागते.

या ज्ञानातून उपायही निघतात. श्वासनलिका बांधलेला पक्षी दंडाच्या कापलेल्या हाडातून श्वास घेऊ शकतो, हे जॉन हंटर यांनी १७७४ साली नोंदविले होते. आज गळा अडला असता वायुकोशात नळी घालून पक्ष्यास जगविता येते, ते याच तत्त्वावर.

गाई-म्हशींची सेवाच जेथे अपुरी, तेथे पक्ष्यांचे लाड कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदीच निराधार नाही. शेतकऱ्याचे पोट गुरांवर आहे. परंतु मेलेल्या गुरांचा निचरा करणारे गिधाडही त्याच व्यवस्थेचा भाग आहे. त्याची मादी वर्षास एकच अंडे घालते. वाचविलेला प्रत्येक पक्षी म्हणूनच मोलाचा. येथे महाग यंत्रांआधी समज हवी. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याने कोंबड्यांच्या कळपाचे रोग शिकावेत, तद्वतच एकट्या पक्ष्यास रोगी म्हणून हाताळण्याचा, त्याचा श्वास मोजण्याचा सरावही करावा. बुंदेलखंडासारख्या गिधाडांच्या प्रदेशात तर हे शिक्षण चैनीचे नव्हे, कर्तव्याचे आहे.

सामान्य नागरिकाचा वाटाही लहान नाही. मांज्यात अडकलेला पक्षी सापडल्यास त्याची छाती दाबू नये, चोचीत पाणी ओतू नये; हवेशीर, अंधाऱ्या खोक्यात ठेवून त्यास तत्काळ वनखात्याच्या अथवा पशुवैद्याच्या हाती द्यावे. पुष्कळदा पक्ष्याचे प्राण भूल देण्यापूर्वीच, उचलणाऱ्याच्या मुठीत ठरतात.