नंबर कितवा आला?

हा प्रश्न आपल्या घरांतून अजून गेलेला नाही. सहामाहीचा निकाल लागतो, मुलगा प्रगतिपत्रक आणतो, आणि वडीलधारी मंडळी चष्मा लावून त्यात नंबर शोधू लागतात. तो तेथे नसतोच! असतात ती अक्षरे : अ-2, ब-1, क-1. मग आजोबा म्हणतात, "हल्ली शाळेत अभ्यास असा राहिलाच नाही."

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. आमच्या इमारतीत अजून मला सारे 'बाई'च म्हणतात, आणि दिवाळीच्या सुमारास ही पत्रके घेऊन माझ्याकडे येतात. जुन्या प्रगतिपुस्तकात कसे सारे स्पष्ट होते, असे त्यांना वाटते. गणितात 100 पैकी 52, नंबर 19 वा, नापास विषयाखाली लाल रेघ. पण वाचकहो, 19 वा नंबर म्हणजे 18 मुले पुढे आहेत, एवढेच ना? पोराला भागाकार येतो की नाही, हे त्यावरून कसे कळावे?

शिक्षण हक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन' आले. नाव भारदस्त, पण अर्थ साधा. शिक्षकाने वर्षभर मुलाकडे पाहावे आणि पाहिलेले लिहून ठेवावे. तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय हे आकारिक. सत्राच्या शेवटची परीक्षा ती संकलित. तिसरी-चौथीला आकारिकाचे 60 गुण आणि संकलिताचे 40. दोहोंची बेरीज 91 च्या पुढे गेली तर अ-1, 81 ते 90 अ-2, 71 ते 80 ब-1, अशी उतरंड थेट इ-2 पर्यंत जाते.

मोजपट्टीही बदलली. कोणत्या इयत्तेत मुलाला काय यावे, याच्या 'अध्ययन निष्पत्ती' ठरल्या. 2021 साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' योजनेने तर आकडेच दिले : तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द अर्थ समजून वाचावेत, 9999 पर्यंतच्या संख्या वाचाव्या-लिहाव्यात. म्हणजे तुलना आता शेजारच्या मुलाशी नाही, ठरविलेल्या पायरीशी आहे.

गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या वहिनी पेढे घेऊन आल्या. नात तिसरीत, मराठीत ब-1! पोर मोठी गोड. गोष्टी रंगवून सांगणार, कविता चालीवर म्हणणार. मी पत्रक उलटले. 'सुधारणा आवश्यक' या रकान्यात वर्गाच्या बाईंनी लिहिले होते, 'अपरिचित उतारा वाचताना अडखळते.'

"ते हो बाई, काहीतरी लिहावेच लागते त्यांना," वहिनी हसून म्हणाल्या.

मी पोरीला जवळ बसविले आणि तिने पूर्वी न पाहिलेले एक गोष्टीचे पुस्तक पुढे ठेवले. तिने चित्राकडे पाहिले आणि पानावर नसलेलीच गोष्ट धडाधड सांगायला सुरुवात केली. मी चित्रावर हात ठेवला. पोर गप्प. मग एकेक अक्षर लावत ती पहिल्या जोडाक्षरापाशी थांबली आणि आजीकडे पाहू लागली. वहिनींचे हसू मावळले.

ब-1 खोटा होता काय? मुळीच नाही. तोंडी कामात तिने गुण मिळविले होते, आणि ते तिच्या हक्काचेच होते. पण बेरजेत बोलण्याची हुशारी आणि वाचनाची अडचण एक होऊन गेली. ती अडचण दाखविणारी ओळ पत्रकात एकच होती, आणि घरात ती कोणी वाचलीच नव्हती. पुढे चौथी-पाचवीत गणिताचे उदाहरणसुद्धा आधी वाचावे लागते. तेथे गोड बोलणे किती दिवस पुरणार?

तिची आई बाईंना भेटून आली. रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे मोठ्या टायपाचे पुस्तक सुरू झाले, ऐकायला आजोबा. वार्षिक निकालात श्रेणी काय आली म्हणता? पुन्हा ब-1 च! पण रकान्यातील ओळ बदलली होती : 'नवीन उतारा समजून वाचते.' त्या वेळी मात्र पेढे मीच मागून घेतले.

सगळ्याच ओळी अशा नेमक्या नसतात, हेही खरे. 'अक्षर सुधारावे' हे एकच वाक्य अर्ध्या वर्गाच्या पत्रकांवर उतरलेले मी पाहिले आहे. अशा वेळी शाळेत जाऊन शांतपणे तीन गोष्टी विचाराव्यात. याला नेमके काय येते? काय येत नाही? आणि आम्ही घरी काय करावे? 'श्रेणी कमी का दिली' या प्रश्नाने गुरुजी सावध होतात. या तीन प्रश्नांनी ते खुलतात, असा माझा दोन्ही बाजूंचा अनुभव आहे.

2020 च्या शैक्षणिक धोरणाने आता 'समग्र प्रगतिपत्रक' सुचविले आहे. त्यात मूल स्वतःविषयी सांगणार, सोबती त्याच्याविषयी सांगणार, पालकांनाही विचारले जाणार. म्हणजे आपणही आता परीक्षकांच्या रांगेत! तेव्हा पालकांच्या सहीच्या जागी घाईने सही ठोकण्यापूर्वी मुलाला जवळ घ्या, एखादे नवे पुस्तक उघडा आणि दहा ओळी वाचून घ्या. यंदाच्या सुट्टीत तेवढी सवड खचितच आहे.