कानातील बिल्ला आणि त्यामागची नोंद

डुकरांचा कळप एका पालकाकडून दुसऱ्याकडे न्यायचा, तर त्याचेही नियम शासनाने करावेत, हे ऐकून सुशिक्षित वाचकाला हसू आले तर नवल नाही. लाल फीत आता डुकराच्या कानापर्यंत पोहोचली, असेच त्याला वाटेल. परंतु अशा नियमांच्या अभावी काय घडते, याचा धडा ब्रिटनने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे.

फेब्रुवारी २००१ मध्ये इसेक्स परगण्यातील एका कत्तलखान्यात डुकरांना लाळ्या-खुरकत झाल्याचे आढळले. माग काढीत अधिकारी अवघ्या काही दिवसांत दूर उत्तरेकडील नॉर्थम्बरलंडमधील एका वराहपालकापर्यंत पोहोचले. परंतु तोवर रोग जवळपासच्या मेंढ्यांत शिरला होता आणि मेंढ्या हेक्सम व लाँगटाउनच्या बाजारांतून देशभर विखुरल्या होत्या. कोणती मेंढी कोठून आली व कोठे गेली, हे सांगणारी पुरेशी खूण वा नोंद नव्हती. परिणामी ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. त्यांतील असंख्य निरोगी होती.

आज तेथे नवी डुकरे आणली, की त्या जागेवरील डुकरे सर्वसाधारणपणे २० दिवस दुसऱ्या पालकाकडे नेता येत नाहीत. कारण रोग असल्यास तो तेवढ्या अवधीत दिसू लागावा. कत्तलखान्याकडे निघालेल्या डुकरावर कळपाचा क्रमांक लागतो. मग तो कानातील बिल्ल्यावर असो, गोंदलेला असो वा खांद्यावर ठसविलेला असो. एका वर्षाखालील डुकरे एका पालकाकडून दुसऱ्याकडे जाताना मात्र रंगाची तात्पुरती खूणही चालते. ती प्रवास संपेपर्यंत टिकली म्हणजे झाले. अल्पायुषी आणि गटाने हिंडणाऱ्या प्राण्याला कळपाची खूण पुरते, हे तारतम्य यात दिसते. नियम कडक आहे. पण तो अकारण जाचक नाही.

आपल्याकडे हा प्रश्न परका राहिलेला नाही. २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाइन फिव्हरने डुकरे मेली. या रोगावर औषध नाही. डुकरांची ये-जा थांबविणे आणि बाधित कळप नष्ट करणे हाच उपाय. महाराष्ट्रातही १ जून २०२४ पासून कानात १२ अंकी बिल्ला नसलेल्या पशुधनाच्या खरेदी-विक्रीस आणि वाहतुकीस मनाई करण्यात आली. निर्णय योग्यच होता. परंतु बिल्ला टोचला म्हणजे काम संपले, अशी समजूत घातक ठरेल. हजेरीपटावर विद्यार्थ्याचे नाव आहे, पण शाळा सोडल्याचा दाखला नाही, अशा पटाचा उपयोग किती? जनावर विकले गेले आणि नोंदीत जुनाच मालक राहिला, तर तो क्रमांक निव्वळ दागिना ठरतो.

याहून महत्त्वाची गोष्ट विश्वासाची आहे. चार डुकरांवर संसार चालविणाऱ्याने आजाराची वर्दी दिली, तर त्याचा कळप मारला जातो. भरपाई वेळेवर मिळेल अशी खात्री नसेल, तर तो वर्दी देण्याऐवजी रातोरात आजारी जनावर विकून मोकळा होईल. त्याला दोष देणे सोपे आहे. पण त्या एका व्यवहाराने शेजारच्या दहा घरांची उपजीविका बुडते. म्हणून बिल्ल्याची सक्ती करणाऱ्या शासनाने नोंद अद्ययावत ठेवण्याची आणि भरपाई तत्परतेने देण्याची सक्ती प्रथम स्वतःवर करून घ्यावी. तसे झाले, तरच पशुपालक ही खूण आपली मानील.