ऐकायचं ते कुणाचं?



कोकण रेल्वेच्या सुरक्षारक्षकांचं वॉकीटॉकीवरचं बोलणं स्कॅनरवर ऐकलं तर बिघडलं कुठे, असं याच सदरातले एक पत्रलेखक विचारतात. बिघडतं. १९३३च्या कायद्याने बिनपरवाना वायरलेस संच बाळगणंच गुन्हा ठरवलं होतं; साध्या रेडिओलाही पोस्टातून परवाना काढावा लागे, हे आमच्या पिढीला आठवतं. २०२३च्या दूरसंचार कायद्यात बेकायदा संदेश टिपण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

ऐकण्याची सवय मात्र वाईट नव्हे. समुद्रात चॅनल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, उघडा ठेवायचाच असतो. बुडत्या ट्रॉलरची हाक तिथेच येते. पण ती हाक सगळ्यांसाठी असते. रक्षकांचं बोलणं तसं नसतं.

हौसच असेल तर हॅमची, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा द्यावी. त्यात रेल्वेगाडीची खबर मिळणार नाही, पण बोलायला तरी मिळेल.

– एक वाचक, मालवण