शनिवार, साडेसात, काळी एक

‘ताई, देव मन बघतो. कॉर्ड नाही बघत!’

चर्चच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. बहुतेक वेळा शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला, फोनवर. पुढचं आपण ओळखायचं, की स्वारी आज प्रॅक्टिसला येत नाही. मागे एकदा गंमत म्हणून मी तीन महिने कारणांची नोंद ठेवली होती. अकाउंट्सवाली आहे, सवय जात नाही. वाळूजची सेकंड शिफ्ट, क्वार्टर एंड, मावसबहिणीचा साखरपुडा आणि आपल्या शहराचं खास कारण : ‘आज नळाला पाणी आहे.’ हे शेवटचं मी कधीच खोडून काढलं नाही. सहा दिवसांनी आलेल्या पाण्यापुढे बीथोव्हेनसुद्धा थांबला असता.

तर मंडळी (आमच्यात चर्चच्या सभासदांनाही मंडळीच म्हणतात, त्यामुळे हा शब्द लिहिताना मला जरा हसू येतं), मी गारखेड्यात राहते. आठवडाभर चिकलठाण्याच्या एका कंपनीत व्हाउचर्स तपासते आणि रविवारी सकाळी सूतगिरणी चौकापासून चालत जाता येईल अशा एका हॉलमध्ये, आमच्या छोट्याशा मराठी मंडळीच्या उपासनेत कीबोर्ड वाजवते. दोन गिटार, एक ड्रमसेट, एक तबला, चार गाणारे. कुणालाही पगार नाही, अप्रेझल नाही, नोटीस पीरियड नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा चर्चशी संबंध नाताळच्या केकपुरता असेल. चालेल. पण ऑफिसच्या अॅन्युअल डेला कधी बँड उभा करायचा प्रयत्न केला असेल, तर माझं दुःख तुम्हाला परकं वाटणार नाही.

बँड कच्चा असला तर बिघडतं काय? कॉन्सर्टमध्ये लोक ओरडतात, उठून जातात. चर्चमध्ये लोक सभ्य असतात. ते फक्त गायचं थांबवतात. मागच्या एका पावसाळ्यात मी गाणं चालू असताना मान वर करून पाहिलं, तर पुढच्या तीन रांगांमध्ये ओठच हलत नव्हते. पुस्तक उघडं, चष्मा डोळ्यावर, तोंड बंद. गाणं सुरू झालं तेव्हा एक लय होती, दुसऱ्या कडव्याला दुसरीच. शिवाय पट्टी अशी, की वरच्या ओळीला आज्यांचा आवाज पोचेना. आता उपासनेतलं गाणं हे सगळ्यांनी मिळून गायचं असतं. लोकच गात नसतील तर आम्ही आठ जण पुढे उभे राहून नक्की काय करत होतो?

महिनाभरात कमिटीत प्रस्ताव आला : एक लॅपटॉप घ्या, यूट्यूबवर सगळ्या गाण्यांचे ट्रॅक मिळतात. खरं सांगायचं तर प्रस्तावात तथ्य होतं. ट्रॅक बेसूर होत नाही, त्याची लय पळत नाही, त्याला सेकंड शिफ्ट नसते. पण ट्रॅक थांबतही नाही हो! एखाद्या ओळीवर लोकांचा जीव अडकला, तीच ओळ पुन्हा चार वेळा म्हणावीशी वाटली, तर ट्रॅक आपला पुढच्या कडव्याला निघून गेलेला असतो. आणि मराठी चर्चचं अर्धंअधिक गाणं तर त्या पुन्हा म्हणण्यावरच उभं आहे.

याचं श्रेय मोठ्या प्रमाणात रेव्हरंड टिळकांना. नारायण वामन टिळक, जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं. (लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलं नसेल तर या वीकएंडला वाचा. संगीतासाठी नाही, तसंच वाचा.) त्यांच्या आधी मराठी ख्रिस्ती लोक बरीचशी गाणी इंग्रजी चालींवर म्हणायचे. भाषांतर मराठी, पण ऱ्हस्वदीर्घाची पार ओढाताण. नगरकडे कृष्णराव सांगळ्यांसारखी माणसं ख्रिस्ती कीर्तनं करत होती. टिळकांनी अभंग, पदं, भजनं अशी शेकडो रचना करून हा सगळा देशी बाज उपासनेत ठामपणे आणून बसवला. १९१९ साली ते गेले, पण मराठी चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ उघडलं की आजही त्यांचं नाव पानापानावर भेटतं.

आता भजन कसं चालतं ते तुम्हाला सांगायला नको. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, लय हळूहळू वाढवायची आणि सगळ्यांनी मिळून एका जागी येऊन थांबायचं. पुढच्या क्षणी म्हणणारा काय करेल हे तबलजीला त्याच्या चेहऱ्यावरून कळावं लागतं. हे व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवून होत नाही. त्यासाठी माणसं आठवड्यातून एकदा तरी एका खोलीत बसावी लागतात.

पण बसवायचं कसं? सुरुवातीला आमच्याकडे मोटिव्हेशनल भाषणांचा प्रयोग झाला. पाळकसाहेब छान बोलले, सगळ्यांचे डोळे ओलावले आणि पुढच्या शनिवारी तीन जण आले. माझं स्पष्ट मत आहे, की भाषणाने माणूस एकदा येतो. दुसऱ्यांदा येण्यासाठी वेगळं काहीतरी लागतं. आपल्याकडची ढोल-ताशा पथकं बघा. गणपतीच्या महिना-दीड महिना आधीपासून पोरं ऑफिस, कॉलेज करून संध्याकाळी सरावाला येतात, हाताला फोड येईपर्यंत वाजवतात. पगार शून्य. त्यांना कुणी प्रवचन देत नाही. तारीख ठरलेली असते, अख्खा रस्ता ऐकणार असतो आणि सरावाला न येणाऱ्याच्या कमरेला मिरवणुकीत ढोल बांधत नाहीत. बस.

‘देव मन बघतो’वाल्यांसाठी माझ्याकडे बायबलमधलंच उत्तर आहे. पहिल्या इतिहासाच्या २५व्या अध्यायात दाविदाने मंदिरातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची व्यवस्था लावल्याचं वर्णन आहे. एकूण २८८ माणसं, सगळी शिकलेली, तरबेज. बारा-बारा जणांचे २४ गट, कोणाची पाळी कधी हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं आणि त्यात लहान-मोठा, गुरू-शिष्य असा फरक नाही. थोडक्यात, ड्युटी रोस्टर! ३३व्या स्तोत्रात तर कुशलतेने वाजवा अशी सरळ सूचनाच आहे. मन बघणाऱ्या देवाने रियाजाची सुट्टी दिल्याचं मला तरी कुठे सापडलेलं नाही.

आणि हे रडगाणं फक्त गारखेड्याचं आहे असंही नाही. योहान सेबास्टियन बाख १७२३ पासून जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये चर्चच्या संगीताची जबाबदारी सांभाळत होता. १७३० मध्ये त्याने नगर कौन्सिलला एक लांबलचक पत्र लिहिलं. चांगल्या संगीतासाठी किती माणसं लागतात, प्रत्यक्षात किती आहेत, आणि शेवटी हातातल्या गाणाऱ्या पोरांची यादी : १७ उपयोगाची, २० अजून तयार नाहीत, १७ अगदीच कुचकामी. आमच्या एचआरने पाहिलं तर म्हणतील, काय सुंदर बेल कर्व्ह आहे! साक्षात बाखला ५४पैकी १७ मिळाली होती. मला आठपैकी पाच मिळाली तर मी तक्रार कशाला करू?

जवळचं उदाहरण हवं असेल तर गोवा. तिथल्या गावोगावच्या चर्चशी जोडलेल्या शाळांमध्ये कित्येक पिढ्या मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवलं गेलं. ती मुलं पुढे मुंबईला आली आणि हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रा त्यांच्या जोरावर उभे राहिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यातलेच, चर्चच्या संगीतमास्तरांचा मुलगा. प्यारेलाल त्यांचे विद्यार्थी, म्हणून तर १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये ते नाव अमिताभच्या तोंडी आलं. पार्ट्यांमध्ये आपण त्या गाण्यावर नाचतो तेव्हा एका चर्च-मास्तरच्या शिस्तीला दाद देत असतो, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

असो. आमच्याकडे काय झालं ते सांगते.

पहिलं म्हणजे रियाज आणि तालीम या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. आपापला पार्ट घरी बसवायचा. बुधवारी रात्री गाण्यांची यादी पट्टीसकट ग्रुपवर पडते, त्यामुळे ‘मला माहीतच नव्हतं’ हे कारण बाद. शनिवारी साडेसात ते पावणेनऊ एकत्र बसायचं, ते एकमेकांना ऐकायला. त्यात कॉर्ड शोधत बसायची परवानगी नाही. पट्टी ठरवायची ती गाणाऱ्याच्या हौसेसाठी नाही, मंडळीसाठी. स्टुडिओत गायलेल्या गाण्याची वरची ओळ तिसऱ्या रांगेतल्या आजींना झेपत नसेल तर दोन-तीन अर्धस्वर खाली या. कीबोर्डला ट्रान्सपोजचं बटण असतंच. आमच्या बऱ्याच गाण्यांचा मुक्काम शेवटी काळी एकवर पडला.

दुसरं, मोबाइलवर रेकॉर्डिंग. यासारखा निष्ठुर मित्र नाही. सगळे जण सगळा वेळ वाजवत असतात, हे ऐकल्याशिवाय पटत नाही. दोन्ही गिटार एकाच जागी एकसारख्या खाजवल्या जातात, त्यात कीबोर्डचे दोन्ही हात, त्यावर ड्रम आणि शब्द गायब. आम्ही एक कडवं फक्त तबला आणि पेटीच्या आवाजावर करून पाहिलं. ऐकताना कुणीच काही बोललं नाही. मग एक गिटारवाला हळूच म्हणाला, ‘मी दुसऱ्या कडव्यापासून येतो.’ ज्या मुलाला गप्प बसवायला मला वर्षभर जमलं नव्हतं, त्याला त्याच्याच आवाजाने जमलं.

तिसरी गोष्ट तबलावाल्या काकांची. कंपनीतून रिटायर झालेले, वय अडुसष्ट. ड्रमसेट आला तेव्हापासून त्यांचा तबला ऐकू येईना, मग ते मागच्या रांगेत बसायला लागले आणि कुणी विचारलंही नाही. त्यांना परत बोलावलं. पहिल्या शनिवारी अॅम्प्लिफायर बंद, सगळं साध्या आवाजात. काकांनी ड्रमरला केरवा हातावर मोजून दाखवला आणि म्हणाले, ‘बाळा, पाचव्या मात्रेला खाली आहे. तिथे तुझा पाय उचल.’ पोराने किक ड्रमवरचा पाय उचलला. एवढंच. त्या रिकाम्या जागेत गाणं श्वास घ्यायला लागलं. आता हे दोघं शनिवारी अर्धा तास आधी येतात. ड्रमर लयीचं अॅप लावतो, काका त्याला ‘तुझं ते टिकटिक’ म्हणतात, पण बघतात त्याच्याकडेच.

सगळंच गोड झालं असं मात्र नाही. आम्ही नियम केला होता : शनिवारी नाही, तर रविवारी नाही. नियम मोडला तो आमच्यातल्या सगळ्यात चांगल्या गिटारवाल्याने. त्याला प्रॅक्टिसची गरज वाटत नव्हती, आणि एकट्याने वाजवायचं असतं तर ती नव्हतीही. रविवारी तो गिटार घेऊन आला, मी त्याला बाजूला नेऊन सांगितलं, की आज खाली बस. तो बसला. बॅगेची चेनसुद्धा उघडली नाही. त्याच्या आईने पुढचे दोन रविवार माझ्याशी सलामही केला नाही. महिन्याभरात तो दुसऱ्या, मोठ्या चर्चला जायला लागला. तिथे लाइट्स चांगले आहेत, साउंड चांगला आहे. हुशार पोरगा आहे, वाजवू दे. पण तो गेल्याचं वाईट वाटतंच. पगार न घेणाऱ्या माणसाला ‘आज नको’ म्हणणं हे ऑफिसातल्या कुठल्याही कठीण मीटिंगपेक्षा कठीण आहे. तरीही आम्ही नियम ठेवला, कारण त्याच शनिवारी एक मुलगी वाळूजहून शिफ्ट संपवून, न जेवता, दोन ओळींचा कोरस बसवायला आली होती. त्याला सूट दिली असती तर तिला मी काय तोंड दाखवलं असतं?

लॅपटॉपचा प्रस्ताव कमिटीने नाताळपर्यंत पुढे ढकललाय. मागच्या रविवारी टिळकांच्या एका भजनाची शेवटची ओळ तिसऱ्या रांगेने स्वतःहून पुन्हा उचलली. आम्ही वाजवणं संपवलं होतं, काकांनी नुसती मान हलवली आणि सगळे परत समेवर आले. कमिटीचे खजिनदारही गात होते. मी पाहिलंय.

नाताळच्या यादीत अकरा गाणी आहेत. त्यातली चार घरोघरी जाऊन म्हणायची, म्हणजे प्लग नाही, फक्त ढोलकी आणि एक गिटार. तालीम ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारपासून. गिटारवाल्याची एक जागा रिकामी आहे, मानधन नाही, चहा मिळेल. साडेसात म्हणजे साडेसात. पाण्याचा दिवस असेल तर मात्र आधी कळवा.