पडली की पाडली?

मंडळी, आपल्या भाचेकंपनीच्या गप्पांत हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं. "पेठांमधली जुनी थिएटरं बंद पडली, काळाचा नियम आहे." चाळीस वर्षं मराठी शिकवलंय, त्यामुळे असं वाक्य ऐकलं की आधी कर्ता शोधते. 'पडली' आणि 'पाडली' यांत एका कान्याचा फरक. पण त्या कान्यात सगळा इतिहास आहे!

गंगाधरपंत पाठकांनी १९१५ साली मंडईजवळ 'आर्यन' उभं केलं. पुण्यातलं हे पहिलं कायमस्वरूपी चित्रगृह. १९८३ साली ते पाडलं. मल्टिप्लेक्सचं तेव्हा नावही नव्हतं, रंगीत टीव्ही नुकता आलेला. आज त्या जागी गाड्या उभ्या राहतात. हा काळाचा नियम? काळाला कशाला हवंय पार्किंग!

पुढे २००१ साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना सवलत दिली. पहिली तीन वर्षं करमणूक कर पूर्ण माफ, पुढची दोन वर्षं फक्त पाव हिस्सा. एक पडद्याचं थिएटर मात्र पूर्ण कर भरत राहिलं. शर्यतीत एकाच्या पायात दगड बांधायचा आणि तो मागे पडला की म्हणायचं, म्हातारा झाला बिचारा!

"पण तिथे ढेकूण होते, मावशी." होते ना! पंखेही कुरकुरायचे. पण गल्ल्यात पैसाच उरला नाही तर खुर्च्या बदलणार कुठून?

आणि गेलं काय, ते नीट पाहा. पेठेतली बाई दुपारची भांडी आवरून, चपला घालून, चालत तीनच्या खेळाला जात असे. बायकांची तिकिटाची रांग वेगळी, सोबतीला शेजारीण. कुणाची परवानगी नको, रिक्षा नको. त्याच पडद्यासमोर पुढे हमाल शिट्टी मारायचा आणि बाल्कनीत वकीलसाहेब हसायचे. आज त्या बाईने मोबाईलवर तिकीट काढून, रिक्षा करून मॉलमध्ये जायचं? ती जात नाही. घरी मालिका बघते. आणि आपण म्हणतो, प्रेक्षक बदलला.

आता 'प्रभात' बघा. १९३४ सालचं, मराठी चित्रपटांचं माहेरघर. २०१४ च्या अखेरीस भाडेकरार संपला, सगळे हळहळले. पण मूळ मालक किबे कुटुंबाने ते 'किबे लक्ष्मी' या जुन्या नावाने पुन्हा चालू केलं. म्हणजे कुणीतरी ठरवलं, की थिएटर उभं राहतं. इथेही कर्ता आहेच!

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जी सवलत नव्यांना मिळाली, तशीच जुन्यांना दुरुस्तीसाठी द्या. आणि तुम्ही मंडळी, थिएटर गेल्यावर त्याचे फोटो एकमेकांना पाठवता ना? त्याआधी एकदा तिकीट काढा. नाहीतर उद्या 'पाडली'चा कर्ता शोधताना आपलंही नाव निघेल.

पटत नसेल तर जरूर भांडा. पण शुद्धलेखन सांभाळून!